लिनक्स: ऐकीव काय, खरं काय

‘लिनक्स हे इंजिनिअर लोकांचं काम’ असं जालन्याकडे कुणी म्हणालं, की मी अंतरवाली सराटीचं नाव घेतो. २०२३ च्या ऑगस्टअखेरीस तिथं मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि अंबड तालुक्यातलं हे गाव मोबाइलच्या व्हिडिओंतून घरोघर पोहोचलं. त्यातले बहुतेक फोन अँड्रॉइडचेच असणार, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये तो युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर लिहायला घेतला. म्हणजे लिनक्स खिशात आहेच. बिचकतो ते संगणकावर घालायला.

फुकट आहे म्हणजे चोरीचं? उलट, कॉपी करा, वाटा, अशी मुभा त्याच्या परवान्यातच आहे. चोरीचं म्हणायचं तर ‘क्रॅक’ मारलेल्या विंडोजला म्हणा.

डेटा उडण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही. म्हणून आधी नुसतं चालवून बघावं. उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून उतरवा, रुफससारख्या प्रोग्रामनं रिकाम्या पेन ड्राइव्हवर चढवा आणि संगणक त्यावरून सुरू करा. इन्स्टॉल न करता ते मेमरीतून चालतं, हार्ड डिस्क तशीच राहते. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, सगळं तपासा. नाही पटलं तर पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जागेवर आहे. डेटा जातो तो पुढं, इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ न वाचता दाबलं की. त्याआधी बॅकअप हवाच.

मराठीचं म्हणाल, तर इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्येच मिळतो. गोची होते जुन्या कृतिदेवातल्या फाइलींची. पण तो फॉन्ट नसेल तर त्या विंडोजवरही वाचता येत नाहीत. कमांड पाठ कराव्या लागतात, हीही जुनी समजूत. रोजचं काम माउसनं होतं. शिकायच्याच असतील तर आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून जुनं मशीन भंगारात काढायची घाई नको. मिंटला किमान २ जीबी रॅम लागते. तेवढ्यावर ब्राउझर रखडतो, ४ जीबी असलेली बरी.

टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यानं किंवा अंगठ्याच्या मशीनवर सेवा केंद्र चालवणाऱ्यानं मात्र विंडोज काढू नये. विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच डिस्कवर ठेवता येतात. सुरू करताना हवं ते निवडायचं.