साखर आपोआप उतरली तर?

बचत गटात आपण पै-पैचा हिशेब ठेवतो. आज जरा आपल्या शरीराचा हिशेब मांडू या.

आमच्या गटातल्या एका काकूंना पंधरा वर्षांपासून मधुमेह. इन्सुलिन चालू. मागच्या वर्षी त्यांची साखर आपोआप उतरू लागली. काकू खूश, आम्हीही खूश. म्हटलं, आजार हटला! मग एका पहाटे काकूंना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध झालं. सुनेने चटकन साखरेचं पाणी पाजलं म्हणून त्या सावरल्या. दवाखान्यात तपासल्यावर कळलं, किडनी कमजोर झाली आहे.

हे कसं? इन्सुलिनचं काम झालं की त्यातलं बरंचसं किडनी मोडून संपवते. किडनी थकली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ राहतं आणि साखर एकदम खाली जाते. म्हणून खाणं, औषध तेच असताना साखर उतरू लागली, तर आनंद मानू नका. डॉक्टरांना दाखवा. डोस मात्र आपल्या मनाने बदलू नका.

किडनी म्हणजे आपल्या घरची चाळणी. रक्त गाळायचं, घाण लघवीवाटे बाहेर टाकायची. वाढलेली साखर आणि वाढलेलं ब्लडप्रेशर ही चाळणी हळूहळू फाडतात. सुरुवातीला काहीच दुखत नाही. पाय सुजतात, लघवीला फेस येतो, तोवर बराच उशीर झालेला असतो. म्हणून त्रास नसला तरी मधुमेह असलेल्या बाईने वर्षातून एकदा दोन तपासण्या करायच्याच: लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन. नुसतं बोट टोचून त्या वेळची साखर कळते. एचबीए१सी तपासणीतून मागच्या साधारण 3 महिन्यांची सरासरी कळते. ब्लडप्रेशर दर भेटीला मोजून घ्या.

आणखी एक. गुडघे दुखले की आपण दुकानातून गोळी आणतो. काकूही आणायच्या. दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या कमजोर किडनीला आणखी मारतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नका.

अंगावर सूज, थकवा, वजन वाढणं हे थायरॉईडमुळेही होतं. त्यासाठी टीएसएच ही रक्ततपासणी असते. कारण तपासणीतच कळतं, शेजारणीच्या अंदाजाने नाही.

मोठ्या डॉक्टरांकडे कधी जायचं? लघवीत अल्ब्युमिन सापडलं, क्रिएटिनिन वाढलं किंवा औषधं घेऊनही साखर वर-खाली होत राहिली, तर आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी मागा. साखर आणि थायरॉईडसाठी हार्मोनचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, किडनीसाठी नेफ्रॉलॉजिस्ट. जाताना सगळे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

वय 30 च्या पुढे असेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर आणि ब्लडप्रेशर मोफत तपासतात. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील.

काकूंचा इन्सुलिनचा डोस डॉक्टरांनी कमी केला, गुडघ्याच्या गोळ्या बंद केल्या. आता त्या नेमाने तपासणीला जातात आणि बैठकीलाही येतात. आम्ही गटाच्या वहीत एक पान वाढवलं आहे: कोणाची तपासणी कधी झाली, पुढची कधी. बाई घरच्यांचं सगळं बघते, स्वतःचं उद्यावर ढकलते. वहीत नाव असलं की ढकलता येत नाही. तुम्हीही पुढच्या बैठकीत असं एक पान उघडा.