तीन पाट्यांचा लेथ

लेथशिवाय लेथ बनवता येतो का? सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणा फिटरला विचारलंत तर तो आधी हसेल. पण मग पहिला अचूक लेथ कशावर बनला?

अमेरिकेच्या डेव्हिड जिंजरी यांनी १९८०च्या दशकात घरच्या कोळशाच्या भट्टीत भंगार ॲल्युमिनियम ओतून लेथ उभा केला आणि त्याची पुस्तकं लिहिली. ओतकाम त्यातलं सोपं. खरी कसोटी बेडची, म्हणजे लेथच्या पायाची, कारण तो जितका सरळ तितकंच काम सरळ.

बेड सरळ आहे का हे तपासायला आधी एक सपाट पाटी लागते, आणि ही सपाटी मात्र शून्यातून मिळते. बिडाच्या तीन पाट्या घ्यायच्या. एकीला निळा रंग पुसटसा लावून दुसरीवर घासायची; रंग उमटेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. दोनच पाट्या घेतल्या तर फसगत होते: एक खोलगट, दुसरी फुगीर, आणि जुळणी चोख! तिसरी आली की ही लबाडी चालत नाही. तिघी आळीपाळीने एकमेकींशी जुळायच्या, तर सपाट होण्यावाचून गत्यंतर नाही. (पीळ राहू नये म्हणून पाटी काटकोनात फिरवूनही तपासतात.) जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ही रीत जाहीर मांडली.

सोलापूरकरांना एक जादा व्याप: ऊन. मीटरभर बीड दर अंशाला सुमारे ११ मायक्रॉन वाढतं. सगळीकडे सारखं वाढलं तर फार बिघडत नाही, पण पत्र्याच्या शेडमध्ये वरची बाजू तापली की बेड कमान धरतो. म्हणून मे महिन्यात खरवडायला पहाटेच बसावं.