काजव्यांचे रान आणि आपली सुट्टी

मे महिना लागला की घरोघरी ‘यंदा मुलांना कोठे न्यावयाचे?’ हा प्रश्न उभा राहतो. अभयारण्यात जावयाचे ठरले, तर मुलांना वाघ हवा असतो. आणि तो दिसला नाही, तर पैसे फुकट गेले असे थोर मंडळीही म्हणू लागतात. आज मी आपल्याला जेथे नेणार आहे, तेथील पाहावयाचा प्राणी करंगळीच्या नखाहून मोठा नाही.

अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य पसरले आहे. १९८६ साली ते घोषित झाले. मेअखेरीस वळवाच्या सरी पडून गेल्या की घाटघर, रतनवाडी या बाजूंच्या हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे जमतात. एखादे झाड तर असे भरते, की त्यावरील हजारो काजवे एकदम लुकलुकतात आणि एकदम विझतात. पावसाने जोर धरला की हा खेळ संपतो.

हा प्रकाश कशासाठी, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. काजवा ही माशी नव्हे. तो भुंगेऱ्यांच्या जातीचा कीटक आहे. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. त्याचा प्राणवायूशी संयोग झाला की उजेड पडतो, पण आच जवळजवळ लागत नाही. नर उडता उडता ठरावीक अंतराने लुकलुकतो. गवतात किंवा पानावर बसलेली त्याच्याच जातीची मादी ओळख पटली म्हणजे उत्तर देते. हे बोलणे जमले, तरच मीलन होते आणि ओलसर मातीत अंडी पडतात. प्रौढ काजव्याचे आयुष्य काही आठवड्यांचे. त्याची अळी मात्र कित्येक महिने पालापाचोळ्यात राहून गोगलगाई खाते.

आता आपण तेथे मोटारीने पोहोचतो. समोरचे दोन दिवे गवतावर पडतात, कोणी मोबाईलचा उजेड झाडावर टाकतो, आणि त्या झगझगाटात मादीचे उत्तर नराला दिसेनासे होते. बाहेरच्या उजेडात काजवे कमी लुकलुकतात, त्यांचे मीलनही घटते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. एका रात्रीचे नुकसान आपल्याला किरकोळ वाटते; पण ज्याच्या पदरी अशा मोजक्याच रात्री आहेत, त्याने काय करावे? शिवाय झाडाखाली जाण्यासाठी आपण जे गवत तुडवतो, त्यातच मादी बसलेली असते. पाहुण्यांच्या मुक्कामामुळे तेथील आदिवासी घरांना चार पैसे मिळतात, तेव्हा कोणी जाऊच नये असे मी म्हणणार नाही. जावे, पण शनिवार-रविवारची झुंबड टाळून जावे. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडली तर उत्तमच. चांदण्यात हा प्रकाश फिका पडतो.

मोटार गावातच ठेवावी आणि गावचाच वाटाड्या घेऊन पायी निघावे. बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद बांधावा. तांबडा उजेड काजव्यांना फारसा जाणवत नाही. तोही वाटेपुरता आणि जमिनीकडे रोखलेला असावा. मग कडेला बसून सारे दिवे मालवावेत. डोळे अंधाराला सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात. शहरातील मुलांनी खरा अंधार पाहिलेलाच नसतो, त्यामुळे आरंभी ती चुळबुळ करतात, करू द्यावी. नंतर त्यांना एक काम द्यावे. एकच काजवा नजरेत धरून, मनात आकडे म्हणत, दोन लुकलुकींमधले अंतर मोजावयाचे. गवतातून उत्तर येते का, तेही पाहावयाचे. छायाचित्राचा हट्ट धरू नये, आणि काजवे बाटलीत तर मुळीच भरू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाटेने पुन्हा जावे. दगडांच्या सांदीत, ओल्या पाचोळ्याशेजारी गोगलगाई शोधाव्यात. हात न लावता पाहिले, तर एखादीच्या शंखात तोंड खुपसून बसलेली चपटी, काळसर अळी दिसण्याचा संभव असतो. पुढल्या एखाद्या वर्षीचा काजवा तो हाच.