हंसा वाडकर : पडद्यावरची आणि पुस्तकातली

हंसा वाडकर यांचे मूळ नाव रतन साळगावकर. त्यांचा जन्म २४ जानेवारी १९२३ रोजी मुंबईत झाला. घराणे कलावंतिणींचे, त्यामुळे गाणे घरातच होते. पैसा मात्र नव्हता. घर चालवण्यासाठी रतनला शाळकरी वयातच सिनेमात जावे लागले. मामा वरेरकरांच्या ‘विजयाची लग्ने’ (१९३६) या बोलपटात ती नायिका झाली, तेव्हा ती जेमतेम तेरा वर्षांची होती. साळगावकर नाव पडद्यावर नको म्हणून वाडकर हे आडनाव घेतले गेले आणि रतनची हंसा झाली. ज्या कमाईवर घर चालणार होते, तिचीच घराण्याला लाज वाटत होती. हा विरोधाभास त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

काही वर्षांतच त्या बॉम्बे टॉकीजच्या ‘नवजीवन’ (१९३९) आणि ‘आझाद’ (१९४०) या हिंदी चित्रपटांत दिसल्या. तिथून प्रभात फिल्म कंपनीत आल्या. ‘संत सखू’मध्ये (१९४१) सासुरवास सोसणारी, पंढरीच्या ओढीने व्याकूळ झालेली सखू त्यांनी उभी केली. याच काळात त्यांचा संसार सुरू झाला होता. पती जगन्नाथ बंदरकर वयाने बरेच मोठे. लग्नानंतर सिनेमा सोडून घर सांभाळावे, मुलेबाळे व्हावीत, एवढीच हंसाबाईंची इच्छा होती. पण त्यांची मिळकत घराला हवी होती, म्हणून काम चालूच राहिले.

त्यांना खरी कीर्ती मिळाली ती १९४७ साली, राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’मुळे. रामजोशींच्या भूमिकेत जयराम शिलेदार होते आणि बया या तमासगिरणीच्या भूमिकेत हंसाबाई. पटकथा व गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचे. मराठीत तमाशापटांची लाट आली ती या चित्रपटापासून. १९५० च्या ‘पुढचं पाऊल’मध्ये त्या पु. ल. देशपांडे यांच्याबरोबर होत्या. या लाटेत तमाशाच्या फडातली बाई पडद्यावर येत होती खरी, पण अनेकदा केवळ नाचण्यापुरती. हंसाबाईंनी रंगवलेल्या बाईला डोके होते, जिव्हाळा होता, प्रसंगी ती पुरुषाला चार शब्द सुनावत असे. त्यांचे मोठेपण मुख्यतः इथे आहे.

या प्रवासाचे शिखर म्हणजे अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९). त्यातल्या गावाचे नाव राजुरी. सत्ता आणि मस्ती अंगात भिनलेला पाटील, त्याने केलेला खून आणि बलात्कार, त्यातून जन्मलेली मुलगी आणि तिला पोटच्या पोरीसारखी वाढवणारी तमासगीर चिमा, अशी ही कथा. ही चिमा हंसाबाईंनी केली. मोठी झालेली मुलगी त्याच गावात बोर्डावर उभी राहून साऱ्या गावासमोर सत्य सांगते. मुलीच्या भूमिकेतल्या जयश्री गडकर या चित्रपटाने नायिका म्हणून नावारूपाला आल्या. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा चित्रपट १३१ आठवडे चालला.

राजुरी नावाचे गाव पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर तालुक्यातही आहे. पडद्यावरच्या गावात बैलगाडा शर्यत, यात्रा आणि तमाशा होता. जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे काही नवे नव्हते. याच तालुक्यातले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. यात्रांच्या दिवसांत फडमालकांच्या राहुट्या तिथे पडतात आणि गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. हंसाबाई पडद्यावर तमासगीर रंगवत होत्या त्या काळात विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर प्रत्यक्ष बोर्ड गाजवत होत्या. गरोदरपणी खेळ सुरू असताना कळा आल्या म्हणून त्या बोर्डामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर आल्या, ही हकिकत प्रसिद्ध आहे. एक पडद्यावरची, दुसरी बोर्डावरची. लोकांचे प्रेम दोघींनाही मिळाले, पण कमाईचे सुख कोणाच्याच वाट्याला आले नाही.

हंसाबाईंच्या उत्तरायुष्यात काम कमी होत गेले. दारूचे व्यसन, तुटलेला संसार, मराठवाड्यातल्या एका गावात पडद्याआड काढलेले दिवस, पुरुषांकडून झालेली फसवणूक हे सारे त्यांनी शेवटी स्वतःच सांगून टाकले. शब्दांकन अरुण साधू यांनी केले. ‘माणूस’ साप्ताहिकातून प्रसिद्ध झालेले हे कथन राजहंस प्रकाशनाने १९७० मध्ये पुस्तकरूपाने आणले, नाव तेच, ‘सांगत्ये ऐका’. मराठी नटीने स्वतःच्या चुका न झाकता आणि दुसऱ्यांचे वागणे न लपवता इतके उघड बोलावे, हे त्या काळी अपूर्व होते. पुस्तकात रडगाणे नाही, सारवासारवही नाही. २३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या आत्मकथनावर श्याम बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला. त्यातील कामासाठी स्मिता पाटील यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ‘भूमिका’ देशभर पाहिला गेला, त्यामुळे हंसाबाईंचे आयुष्य अनेकांना तेवढ्यापुरतेच माहीत आहे. त्यांची कला समजून घ्यायची तर ‘रामजोशी’तली बया आणि ‘सांगत्ये ऐका’तली चिमा पाहावी, आणि मूळ मराठी पुस्तक जरूर वाचावे.