आपले कार्ड, आपली सही

क्रिकेटच्या मैदानावर दोन पंच उभे असतात; टेनिसच्या कोर्टाशेजारी उंच खुर्चीत एक बसलेला असतो. क्लबातील हौशी गोल्फ स्पर्धेत मात्र तीन-तीन, चार-चार खेळाडूंचे गट विस्तीर्ण हिरवळीवर पांगलेले असतात आणि त्यांच्या मागे पाहणारे बहुधा कोणीच नसते. झुडपाआड गेलेला चेंडू नेमका कसा पडला आहे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून या खेळात खेळाडू हाच स्वतःचा पंच. लबाडीला इतकी मोकळीक आणि लबाडीविषयी इतका तिटकारा, असा दुसरा खेळ सापडणे कठीण.

हा खेळ आपल्याकडे नवा नाही. कलकत्त्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो. मुंबईत चेंबूर, पुण्यात येरवडा येथील हिरवळी जुन्याच. एके काळी साहेबांचा आणि लष्करी अधिकाऱ्यांचा असलेला हा खेळ आता पेढीवरच्या पुढच्या पिढीनेही हाती घेतला आहे. व्यापारी मंडळींच्या स्नेहमेळाव्यांत गोल्फचा एक दिवस असतो, आणि दुकानातून सवड काढून खेळणारा गृहस्थ एके दिवशी पहिल्यांदा स्पर्धेत नाव घालतो.

हौशी म्हणजे कच्चा, असा समज मात्र करून घेऊ नये. 1965 मध्ये इंडियन ओपन जिंकणारे प्रेम गोपाल ऊर्फ बिल्लू सेठी हौशी खेळाडू होते आणि ती स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय. 1982 च्या दिल्ली आशियाई खेळांत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारे लक्ष्मण सिंगही हौशीच. हौशी आणि व्यावसायिक यांच्यात फरक आहे तो पैशाचा. जगभर मान्य असलेल्या नियमांनुसार हौशी खेळाडूला घेता येणाऱ्या बक्षिसाला मर्यादा आहे. 2022 पासून ती 700 पौंड किंवा 1000 डॉलर आहे, आणि रोख रक्कम घ्यायची तर ती केवळ हँडिकॅप न धरता खेळलेल्या स्पर्धेतच.

स्पर्धेचा सारा व्यवहार एका जाड कागदाच्या कार्डावर चालतो. आपले कार्ड आपण लिहायचे नसते. ते सोबतचा खेळाडू लिहितो. त्याला मार्कर म्हणतात. अठरा होल संपले की खेळाडूने प्रत्येक होलचा आकडा तपासायचा, मार्करने सही करायची, मग आपण करायची आणि कार्ड समितीकडे द्यायचे. बेरजेची जबाबदारी समितीची. ती चुकली तर खेळाडूला दोष लागत नाही. पण एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी फटके लिहिलेले असतील आणि त्यावर सही झाली असेल, तर खेळाडू बाद. (कमी आकडा आपल्याला ठाऊक नसलेल्या दंडामुळे पडला असेल, तर तेवढी सवलत आहे.) जास्त लिहिले गेले असतील तर तोच आकडा कायम. वहीवर सही करण्यापूर्वी नोंदी पडताळणाऱ्या घरात हा नियम समजावून सांगावा लागू नये. तरीही थोरामोठ्यांना तो नडला आहे. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेत अर्जेंटिनाच्या रॉबर्टो दे विसेन्झो यांनी सतरावा होल तीन फटक्यांत पुरा केला होता. मार्करने चार लिहिले, दे विसेन्झो यांनी न पाहता सही केली, आणि 65 चे 66 झाले. बरोबरीची संधी गेली. बॉब गोल्बी एका फटक्याने विजेते ठरले. तो दे विसेन्झो यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता.

चुकीपेक्षा कठीण परीक्षा असते ती न दिसलेल्या गोष्टीची. बॉबी जोन्स हे अमेरिकेतील अटलांटाचे, आयुष्यभर हौशी राहिलेले खेळाडू. 1930 साली ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांच्या खुल्या व हौशी अशा चारही स्पर्धा जिंकून ते अठ्ठाविसाव्या वर्षी निवृत्त झाले. पण त्यांची खरी ओळख पाच वर्षे आधीची. 1925 मध्ये वूस्टर येथे यूएस ओपनच्या पहिल्या फेरीत, अकराव्या होलवर, उंच गवतातील चेंडूमागे त्यांनी काठी टेकवली आणि चेंडू किंचित हलला. सोबत खेळणाऱ्या वॉल्टर हेगन यांना ते दिसले नाही, अधिकाऱ्यांनाही दिसले नाही. निर्णय जोन्स यांच्यावरच सोपवला गेला. त्यांनी एक फटका दंड घेतला. 76 च्या जागी 77 लागले. चार फेऱ्यांअखेर त्यांची विली मॅकफार्लेन यांच्याशी बरोबरी झाली. निर्णायक फेरीतही दोघे 75 वर. पुन्हा अठरा होल खेळवले गेले, तेव्हा मॅकफार्लेन 72, जोन्स 73. तो एक फटका धरला नसता, तर निर्णायक फेरीची गरजच नव्हती. लोकांनी कौतुक केले तेव्हा, बँक लुटली नाही म्हणून कोणाची स्तुती करतात काय, अशा अर्थाचे उत्तर जोन्स यांनी दिल्याचे प्रसिद्ध आहे. 1955 पासून अमेरिकी गोल्फ संघटना खिलाडू वृत्तीसाठी त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

क्लबातील स्पर्धेत प्रश्न इतका उघडा नसतो. तेथे खोट येते ती हँडिकॅपच्या वाटेने. हँडिकॅप म्हणजे दुर्बल खेळाडूला दिलेली सूट. 72 पॅरच्या मैदानावर 18 हँडिकॅपवाल्याने 90 फटके घेतले तर त्याचा निव्वळ आकडा 72, आणि 6 हँडिकॅपवाल्याचे 79 असतील तर निव्वळ 73. म्हणजे पहिला जिंकला. यामुळे सत्तरीतले आजोबा आणि विशीतला नातू बरोबरीने खेळू शकतात, हे या खेळाचे मोठे सुख. पण काही जण सरावाच्या दिवशी चांगली कार्डे देतच नाहीत, वाईट तेवढी देतात, आणि फुगलेला हँडिकॅप घेऊन बक्षिसाच्या स्पर्धेत उतरतात. वजनकाटा थोडा झुकता ठेवण्याचाच हा प्रकार. चषक घरी जातो. पण पुढच्या रविवारी अशा गृहस्थाबरोबर गट करायला कोणी राजी नसतो, आणि ज्या ओळखींसाठी तो क्लबात आला त्याच तुटतात. 2020 पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस कार्डांतील उत्तम आठ धरतात. त्यामुळे चार-दोन मुद्दाम दिलेल्या वाईट कार्डांनी फारसे साधत नाही. मात्र चांगली कार्डे दडवणाऱ्याला तीही पद्धत पुरती आवरू शकत नाही.

नवख्याला स्टेबलफोर्ड पद्धतीची स्पर्धा सोयीची. फ्रँक स्टेबलफोर्ड या डॉक्टरांची ही पद्धत 1932 मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे स्पर्धेत वापरली गेली. सूट वजा करून पॅरला दोन गुण, एक फटका कमी लागला तर तीन, एक जास्त लागला तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य. एखादा होल फारच बिघडला तर चेंडू उचलून पुढे चालू लागावे. मागचा गट खोळंबत नाही. बाकी पथ्ये थोडीच. पिशवीत चौदापेक्षा अधिक काठ्या नकोत. हरवलेला चेंडू तीन मिनिटांत सापडला नाही तर तो हरवलाच. आणि सुरुवातीच्या वेळेला पाच मिनिटांपर्यंत उशीर झाला तर दोन फटके दंड, त्यापुढे बाद. व्यापारातली ‘आलोच’ येथे चालत नाही.

गुण सारखे झाले तर बहुतेक क्लब शेवटच्या नऊ होलचे आकडे पाहतात, मग सहाचे, मग तीनचे, आणि तरीही निकाल लागला नाही तर फक्त अठराव्याचा. अठराव्या होलवर हातभर अंतराचा फटका घाईने चुकवलेल्या खेळाडूला तो संध्याकाळी बक्षिसांची नावे वाचली जात असताना आठवतो.