लाखेच्या तबकड्या आणि योग्य सुई

ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानचे गाणे मुद्रित केले आणि पुढची अनेक दशके भारतीय संगीत मुख्यतः लाखेच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरून घरोघर पोचले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असल्याने गायकांना ख्याल आवरता घ्यावा लागे; अब्दुल करीम खाँ यांनी एवढ्याशा अवकाशात रागाचे रूप कसे उभे केले, हे ऐकणे हाच या तबकड्या जमवण्याच्या छंदाचा गाभा होय, उपकरणे त्यानंतर येतात.

तरीही त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. या तबकड्यांची खाच, म्हणजे सुई जिच्यातून धावते ती नागमोडी रेघ, १९४८ नंतरच्या लाँग प्ले तबकडीच्या खाचेपेक्षा बरीच रुंद असते. त्यामुळे लाँग प्लेची सुमारे २५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येच्या टोकाची सुई तिच्या तळाशी घासते व खरखर वाढते, तर सुमारे ७५ मायक्रॉनची सुई खाचेच्या भिंतींवर नीट टेकते. महागड्या स्पीकरांआधी ही सुई घेणे केव्हाही शहाणपणाचे, जरी दुकानदार सहसा उलटे सुचवतात. तबकडी धुताना मात्र स्पिरिट कटाक्षाने टाळावे, कारण लाख त्यात विरघळते; सौम्य साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरेसा असतो.