स्प्लेंडरवरून साडेतीनशेवर

2010 साली घेतलेली स्प्लेंडर अजून आमच्या दारात उभी आहे. टाकीवर ‘हिरो होंडा’ अशी जोडनावे आहेत. ती जोडी पुढच्याच वर्षी फुटली. 97 सीसीचे इंजिन, साडेसात-आठ अश्वशक्ती, वजन एकशेदहा किलोच्या आसपास. या गाडीवरून आम्ही कराडला शाळेत गेलो, मुलांना ने-आण केली, दळण आणले, बकरी ईदला अर्ध्या मोहल्ल्याचे वाटे पोहोचवले. थोरला गाडी शिकला तो हिच्यावरच, तेही अठरा पूर्ण झाल्यावर. त्याआधी चावी मिळाली नाही म्हणून तो दोन वर्षे आमच्याशी धड बोलत नव्हता. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड, असा कायदा 2019 मध्ये झाला. त्याची बातमी आम्ही त्याला वाचून दाखवली होती. राग काही कमी झाला नाही, पण चावी आमच्याच खिशात राहिली.

आता तो तेवीस वर्षांचा आहे, नोकरीला लागला आहे आणि त्याला मोठी गाडी हवी होती.

कारण त्याने चांगले शोधले होते. दादी चिपळूणला असते. कराडहून पाटण, कोयनानगर, हेळवाक करत कुंभार्ली घाट उतरायचा. सुमारे शंभर किलोमीटर. जाताना उतार असतो, पण परतताना मागे एखादा माणूस आणि मांडीवर तांदळाची पिशवी असली की स्प्लेंडर घाटात दुसऱ्या गिअरवर रडत चढते. मागून ट्रक येतो, हॉर्न देतो, जागा द्यायला बाजूला व्हावे तर तिथे खडी. हे आम्ही वर्षानुवर्षे भोगले आहे, त्यामुळे नाही म्हणता येईना. तरीही खरे सांगायचे तर गरज चार आणे होती आणि हौस बारा आणे. तेवीस वर्षांच्या मुलाला हौस नसावी असे आमचे म्हणणे नाही. हौसेला गरजेचे नाव देऊन बाप फसत नाही, एवढेच.

नवी साडेतीनशे सीसीची गाडी दोन लाखांच्या घरात जाते. शोरूममध्ये गेल्यावर पहिला प्रश्न येतो, हप्ता किती ठेवायचा? व्याजाचे कर्ज आमच्या घरात घेत नाहीत, म्हणून तो रस्ता बंद. थोरल्याने वर्षभर पगारातून बाजूला काढले, त्याच्या अम्मीची भिशी लागली, आणि वापरलेली क्लासिक 350 घ्यायचे ठरले. वापरलेली गाडी घेताना रंग आणि आवाज सगळेच पाहतात. आम्ही मास्तर, आम्ही आधी कागद पाहिले. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा होता. विकणारा म्हणाला, हप्ते कधीच फिटलेत. फिटले असतील, पण कंपनीचा दाखला आणि फॉर्म 35 आल्याशिवाय बोजा उतरत नाही. तो उतरल्यावर फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, मग पैसे. या सगळ्याला तीन आठवडे लागले आणि थोरला रोज विचारत होता, अब्बा, तुमचा विश्वासच नाही का कुणावर?

विम्याचाही फरक पडतो. 2022 साली ठरलेल्या दरांनुसार 75 ते 150 सीसीच्या गाडीचा त्रयस्थ पक्षाचा विमा वर्षाला 714 रुपये, 150 ते 350 सीसीला 1366 आणि त्यावर गेलात की 2804, कर वेगळा. ही गाडी 349 सीसीची, म्हणून शेवटच्या पायरीपासून वाचली. पेट्रोल मात्र दुप्पट लागते. स्प्लेंडर आम्हाला साठ-पासष्ट देत होती, ही पस्तीसच्या आसपास देते. महिन्याचा हिशोब त्याने आधीच मांडावा असे आम्ही सांगितले होते. त्याने मांडला, आणि मग तो कागद कुठेतरी हरवला.

गाडी दारात आली आणि पहिल्याच दिवशी आडवी झाली. वेगात नव्हे, उभ्या जागी. अंगणात वळवताना हँडल पूर्ण फिरवले, पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी कलली. स्प्लेंडर कलली असती तर पायाने सावरली असती. हिचे वजन 195 किलो. एकदा ठरावीक कोनापलीकडे झुकली की माणसाच्या पायाने थांबत नाही. आरशाची काच गेली, पाय वाचला. दुसऱ्या आठवड्यात आमची पाळी आली. बाजारात उताराकडे तोंड करून गाडी लावली आणि निघताना मागे ढकलता येईना. शेवटी भाजीवाल्याची दोन मुले मदतीला आली. त्यांतला एक आमचाच विद्यार्थी निघाला, त्यामुळे ही गोष्ट वर्गात आमच्या आधी पोहोचली. आता आम्ही गाडी नेहमी तोंड चढाकडे करून आणि पहिल्या गिअरमध्ये लावतो.

लायसन्सचा विषय इथेच सांगितला पाहिजे. आपल्या देशात गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स एकच. शंभर सीसीच्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवला की त्याच कार्डावर उद्या साडेसहाशे सीसीची गाडीही चालवता येते. ब्रिटनमध्ये तसे नाही. तिथे सतराव्या वर्षी 125 सीसीपर्यंत, एकोणिसाव्या वर्षी मधल्या ताकदीची, आणि पूर्ण ताकदीची गाडी थेट हवी तर चोवीस पूर्ण व्हावी लागतात. मधल्या गाडीवर दोन वर्षे काढली असतील तर एकविसाव्या वर्षी मिळते. प्रत्येक पायरीला वेगळी परीक्षा. आपल्याकडे ही मधली पायरी सरकारने ठेवलेली नाही, म्हणून ती घराने ठेवावी लागते. आम्ही ठेवली: पहिला महिना मागे कुणी बसणार नाही, रात्री घाट नाही, आणि रोज फजरनंतर अर्धा तास मोकळ्या मैदानावर हळू चालवायचा सराव. वेगात चालवणे कुणालाही जमते. चालण्याच्या वेगाने वळण घेणे अवघड. थोरल्याने मान्य केले आणि पाळलेही.

एवढे सगळे करून एक गोष्ट आमच्याही डोक्यात आली नाही.

फेब्रुवारीतला रविवार होता. तो एकटाच दादीची औषधे घेऊन गेला, संध्याकाळी अंधार पडायच्या आत परत आला, जेवला, झोपला. तीन दिवसांनी आम्ही पेपर तपासत बसलो असताना शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, “अब्बा, आपल्या जुन्या गाडीचे सगळे गिअर पुढेच का पडतात?” पंचवीस वर्षांच्या नोकरीत मुलांचे प्रश्न ओळखायला आम्ही शिकलो आहोत. हा प्रश्न गिअरचा नव्हता.

झाले होते असे. स्प्लेंडरचे चारही गिअर पंजाने पुढे दाबून पडतात. कमी करायचा तर टाचेने मागची पट्टी दाबायची. नव्या गाडीत पहिला गिअर पंजाने खाली आणि बाकीचे चार वर. म्हणजे पंजा दाबला की गिअर कमी होतो आणि टाच दाबली की वाढतो. नेमके उलटे. सरळ रस्त्यावर, डोके शांत असताना, हे महिन्याभरात त्याच्या अंगवळणी पडले होते. कुंभार्ली उतरताना एका तीव्र वळणावर वरून ट्रकचे तोंड दिसले आणि त्या क्षणी डोके बाजूला राहिले, पाच वर्षांची सवय पुढे आली. तिसऱ्यावरून दुसरा करायला त्याने टाच दाबली. चौथा पडला. इंजिन गाडीला धरून ठेवत होते ती पकड सुटली आणि गाडी वळणात थांबायच्या ऐवजी सुटली.

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. पुढच्या चाकाला डिस्क, दोन्ही चाकांना एबीएस. 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे चाक जाम झाले नाही आणि गाडी घसरली नाही. पण एबीएस वळण घेऊन देत नाही, आणि खडीवर तर थांबायला जास्तच अंतर लागते. रस्त्याच्या कडेच्या मातीत, गटाराच्या आत हातभर अंतरावर गाडी उभी राहिली. ट्रकवाल्याने खाली उतरून विचारले, लागले का? याने मान हलवली. मग तिथेच दगडावर दहा मिनिटे बसून राहिला.

अल्लाहचे लाख आभार. त्याच्या अम्मीला आम्ही त्या रात्री सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्यानेच सांगितले, आणि मग जे ऐकून घ्यायचे ते आम्ही दोघांनी मिळून ऐकले. नियम तुम्ही केले, मग हे का नाही सुचले? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही वजन पाहिले, ब्रेक पाहिले, कागद पाहिले. पायाला काय शिकवून ठेवले आहे ते पाहिले नाही.

शिक्षकाला एक गोष्ट माहीत असते: चुकीचा पाठ झालेला पाढा नुसता समजावून सुटत नाही, पुन्हा घोकावा लागतो. आम्ही गाडी अंगणात डबल स्टँडवर लावली, इंजिन बंद. धाकटीने मागचे चाक हाताने फिरवत राहायचे, म्हणजे गिअर पडतात. थोरल्याने डोळे मिटून बसायचे. आम्ही म्हणायचे “वाढव” किंवा “कमी कर”, कधी मध्येच ओरडून, कधी तो धाकटीशी बोलत असताना. पहिल्या संध्याकाळी वीसपैकी सहा चुकले. चुकले ते सगळे ओरडल्यावर. टाचेचा वापर त्याने पूर्ण बंद केला. वाढवायचा तर पंजा खालून वर. दोन आठवड्यांनी चुका थांबल्या. आणि तीन महिने स्प्लेंडरला हात लावायचा नाही असे ठरले, कारण एकाच घरात उलट्यासुलट्या गिअरच्या दोन गाड्या आलटून पालटून चालवणे हीच खरी जोखीम आहे.

वेगाबद्दल एक हिशोब आम्ही नववीच्या वर्गात घालतो, तो त्यालाही घातला. ताशी 40 वरून 60 वर गेलात तर वेग दीडपट होतो, पण थांबवायची ऊर्जा सव्वादोनपट. त्यात गाडी ऐंशी किलोने जड. स्प्लेंडरवर 60 म्हणजे इंजिन ओरडते, हँडल थरथरते, गाडी स्वतःच सांगते की आता पुरे. साडेतीनशेवर 80 सुद्धा शांत वाटतो. काटा पाहिल्याशिवाय कळत नाही.

मागे बसणाऱ्यांचेही सांगायला हवे, कारण आपल्या घरांत मागे बहुतेक वेळा अम्मी, बहीण किंवा बायको असते. मागच्या चाकाच्या निम्म्या भागाला झाकणारी जाळी, हाताला धरायला पट्टी आणि पायदान हे नियमाने आवश्यक आहे. जुनी गाडी घेताना हौशी मालकाने जाळी काढलेली असते. आमच्याही गाडीची काढलेली होती, ती आधी बसवून घेतली. बुरख्याचा किंवा ओढणीचा घेर बसल्यावर मांडीखाली दाबून घ्यावा, मागे लोंबू देऊ नये. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे. स्कार्फची टाचणी हेल्मेटच्या आत टोचते, म्हणून त्या दिवशी टाचणीशिवाय बांधावा. आणि हेल्मेट स्कार्फ बांधूनच मापून घ्यावे. आमच्या घरात हे दोन दुकाने फिरल्यावर कळले. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा थोडी जास्त लागते. किती, ते गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेले असते.

मे महिन्यात तीन महिने पूर्ण झाले. थोरला अम्मीला मागे बसवून चिपळूणला गेला. निघताना सवारीची दुआ दोघांनी मोठ्याने म्हटली, एरवी मनात म्हणतात. आम्ही फोन हातात घेऊन बसलो होतो. संध्याकाळी परतल्यावर अम्मीने एवढेच सांगितले की घाट तिसऱ्या गिअरवर चढला आणि मागून कुणी हॉर्न दिला नाही. दादीला मात्र नवी गाडी पसंत नाही. सीट उंच आहे आणि तिचा पाय पायदानापर्यंत पोहोचत नाही. दवाखान्यात न्यायचे असेल तर जुनी गाडी पाठवा, असा तिचा निरोप आला आहे.

जुनी गाडी आता मोकळी नाही. चाक फिरवून फिरवून धाकटीला गिअर पाठ झाले होते, आणि स्प्लेंडर तीन महिने नुसती उभी होती. ती एकोणीस वर्षांची आहे, लर्निंग लायसन्स काढले आहे. रोज संध्याकाळी असरनंतर मैदानावर जाते, आम्ही मागे बसतो. दोन दिवस तिने पंजा खालून वर ओढून गिअर वाढवायचा प्रयत्न केला आणि गाडी चालतच का नाही म्हणून वैतागली. शेवटी थोरला धावत आला आणि म्हणाला, “अगं, हिचे सगळे पुढे.”